किल्ल्यावरची रिकामी जागा



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना सनावळीची धास्ती वाटते. ती मी थोडी कमी करतो. आजचा माझा विषय बोटभर उंचीच्या वस्तूंचा आहे. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस धुळ्या-जळगावच्या बाजारात माती आणि प्लास्टरची लहान चित्रे मांडलेली असतात. मुलांनी अंगणात किल्ला करायचा आणि ही चित्रे त्यावर बसवायची. पुणे-कोल्हापूरकडे या खेळाचा जोर अधिक; पण आपल्याकडेही तो पुष्कळ घरांत रुळला आहे. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढालतलवारीचा मावळा, तुतारीवाला, तोफ, गुहेसाठी वाघ आणि पायथ्याच्या गावासाठी एखादी गवळण, एवढा हा संच असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका मुलाने किल्ला केला तो थाळनेरचा. शाळेच्या सहलीत त्याने तापीकाठचे ते बुरूज पाहिले होते. चित्रे घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने विक्रेत्याला विचारले, "अरब आहे का?" विक्रेता मोठा समजूतदार होता. तो म्हणाला, "हा मावळाच घे. दाढीला काळा रंग लाव, झाला अरब." आम्ही दोघेही हसलो. मुलगा मात्र हसला नाही. "मग तुळशीराम मामा?" त्याने विचारले. त्याचे उत्तर विक्रेत्याजवळ नव्हते आणि खरे सांगायचे तर त्या मुलाला पटेल असे उत्तर माझ्याजवळही नव्हते.

यात विक्रेत्याचा दोष नाही. चित्र साच्यातून निघते. साचा करायला कसबी हात लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. तो खर्च भरून निघायचा तर त्या साच्याची हजारो चित्रे खपली पाहिजेत. मावळा महाराष्ट्रभर खपतो, तुळशीराम मामा एका अंगणात खपेल. म्हणून मावळ्याला साचा मिळतो, तुळशीरामाला मिळत नाही. इतकेच काय, शिवकालीन किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांवर सोपवलेला असे. पण हिशेबाची वही मांडीवर घेतलेला सबनीस तुम्ही कधी बाजारात पाहिला आहे काय? त्याच्या लेखणीवाचून किल्ल्याचा हिशेब चालत नसे, तरी संचात त्याला जागा नाही.

ही अडचण केवळ आपली आहे असे नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर एक पुस्तक लिहिले. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात खेळणारे मेजाभोवती बसून एक काल्पनिक जग उभे करतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. त्या जगातील राक्षस-भुतांची वर्णने पुस्तकांतून शेकड्यांनी दिलेली आहेत. पण बाहुल्या करणारे कारखाने त्यांतल्या निवडक प्राण्यांचेच साचे करतात. ज्वाला ओकणारा ड्रॅगन पुन्हा पुन्हा निघतो. साधा गावकरी किंवा ओझे वाहणारे खेचर यांची आठवण क्वचित होते. २००३ पासून अशा रंगवलेल्या बाहुल्या बंद खोक्यांतूनही विकल्या गेल्या. आत काय आहे ते खोके फोडल्याशिवाय कळत नसे. या बाहुल्या जमवणारे रसिक कोणता प्राणी अजून निघाला नाही याच्या याद्या करतात आणि तो निघेपर्यंत त्याच्या जागी एखादे बटण किंवा दुसरीच बाहुली ठेवून म्हणतात, "तूर्त हाच तो समजा."

या 'तूर्त समजा'मध्येच खरी मेख आहे. काल्पनिक राक्षसाच्या जागी बटण ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण जे खरोखर होऊन गेले त्यांच्या जागी वर्षानुवर्षे दुसराच उभा राहिला, तर पुढे मूळ माणसाची आठवण बुजते आणि मग जागा रिकामी आहे हेही कोणाला कळत नाही.

आता त्या मुलाच्या थाळनेरकडे पाहू. मलिक राजाने १३८२ च्या सुमारास येथे फारुकी घराण्याच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षे, हे घराणे खानदेशावर होते. धुळ्याजवळचा लळिंगही त्यांचाच. त्यांच्या कबरी थाळनेरला आजही उभ्या आहेत. पण फारुकी सुलतानाचे चित्र नाही.

पुढे १८१८ साल उजाडले. जानेवारीतील मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील आपली ठाणी इंग्रजांना देऊन टाकली होती. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप फौजेनिशी थाळनेरपुढे आला. दरवाजात बोलणी चालू असता शस्त्रे चालली, इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतली सुमारे तीनशेंची शिबंदी कापली गेली. तीत मुख्य भरणा अरबांचा होता. किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आले. या फाशीची चर्चा विलायतेत पार्लमेंटातही झाली. ज्या माणसाच्या मृत्यूने लंडनच्या सभागृहाला विचारात पाडले, तो आपल्या अंगणातील किल्ल्यावर मात्र पोहोचलेला नाही.

भिल्लांचेही तसेच. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. १८५७ मध्ये खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्ल इंग्रजांवर उठले; ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि तीत भिल्ल स्त्रियाही कैद झाल्या. म्हणजे सरकारी पलटणीत भिल्ल आणि तिच्या समोरही भिल्ल. एवढा नाट्यपूर्ण प्रसंग असूनही तिरकमठा घेतलेला नाईक बाजारात मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल, बाजार पुण्याकडचा, म्हणून आपली माणसे त्यात नाहीत. मग खास आपल्याकडची मूर्ती घ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशातल्या मुली भुलाबाई बसवतात. सारीपाटाच्या डावावरून शंकर रुसून गेले आणि पार्वती भिल्लिणीच्या वेषाने त्यांच्यामागे गेली, अशी तिची कथा सांगतात. म्हणजे जगन्मातेलाच आपल्या लोकांनी भिल्लीण केले! पण बाजारातली भुलाबाई पाहा. ती बहुधा काठपदराच्या लुगड्यात, दागिन्यांनी मढलेली असते. कथेतला भिल्लवेष साच्यात उतरलाच नाही. गाण्यांत सासू आहे, नणंद आहे, दीर आहे, माहेरची वाट आहे. मूर्तीत मात्र भुलाबाई, भुलोजी आणि गणोबा एवढेच. फरक इतकाच की, येथे उरलेले सारे कुटुंब मुलींनी गाण्यात जपले. साच्याने जे सोडले ते कंठाने धरून ठेवले. थाळनेरच्या शिबंदीसाठी असे कोणी गायिले नाही.

कागदपत्रांचाही असाच एक साचा असतो. ज्यांच्या घरी दफ्तर, त्यांचा इतिहास. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावी रुमाल सोडत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच धुळ्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे आहे, हे आपले भाग्य. पण भिल्लाच्या झोपडीत रुमाल नव्हता. त्याची हकीकत आपण वाचतो ती १८८० च्या इंग्रजी गॅझेटिअरात, म्हणजे ज्यांनी त्याला पकडले त्यांच्या लेखणीतून. ही उणीव भरायला वेळ लागेल. तोवर ती उणीव आहे एवढे तरी स्वच्छ मांडावे. तिच्या जागी दुसरे कोणी बसवून मोकळे होऊ नये.

हे मला त्या मुलाने शिकवले. त्याने मावळ्याच्या दाढीला काळा रंग लावला नाही. तापीची माती आणून त्याने स्वतःच चार अरब केले. ते वाकडेतिकडे झाले, एकाची मान वाळताना तुटली. तुळशीराम मामा काही त्याला जमेना. त्याचा चेहरा कसा होता, असे त्याने मला विचारले. चित्र पाहिल्याचे मला आठवत नाही, असे मी सांगितले. तेव्हा त्याने दरवाजाशी एक चौकोन सारवून मोकळा ठेवला आणि काडीला कागद चिकटवून त्यावर नाव लिहिले. पाहायला येणारा प्रत्येक जण तेथेच थांबून विचारी, "हे कोण?" आणि मुलगा सगळी हकीकत सांगे. महाराजांच्या सिंहासनाशी कोणी काही विचारले नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच होते.

येत्या दिवाळीला आपल्या घरी किल्ला होईल. मावळे अवश्य आणा. त्यांचा मान मोठा आहे. पण तो किल्ला लळिंगचा किंवा थाळनेरचा असेल, तर दरवाजाशी थोडी जागा सारवून ठेवा, आणि तेथे कोण उभा होता हे मुलांना सांगा.