माळव्याची काळी माती आणि सोयाबीनची हाक

उज्जैनच्या रेल्वेस्थानकाजवळ जो गजबजलेला भाग आहे, त्यास देवास गेट म्हणतात. ज्या देवासचे नाव त्यास मिळाले ते पवारांचे, उज्जैन शिंद्यांचे आणि पलीकडचे इंदूर होळकरांचे. तिन्ही घराणी मराठी. राज्ये वेगळी, परंतु त्यांच्या पायांखालची काळी माती मात्र एकच. या मातीच्या पोटात चालणारा व्यवहार उलगडण्यास राज्ये विलीन होऊन कित्येक वर्षे जावी लागली.

पावसाळ्यात ही माती फुगते व पाणी धरून ठेवते. म्हणून माळव्यातील पुष्कळ रान खरिपात पडीक राही आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा निघे. हरभऱ्यानंतर गहू चांगला येतो, हे शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याचे कारण १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले: द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधतात. पुढे १९०४ मध्ये हिल्टनर याने मुळांभोवतीच्या मातीच्या पातळ थरास स्वतंत्र नाव दिले. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे तेथील जीवाणूंची वस्ती निराळी असते, हे त्याने ओळखले होते.

इंदूरला १९२४ साली वनस्पतिउद्योग संस्था निघाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा व शेण कुजवून खत करण्याची रीत बसविली आणि १९३१ मध्ये दोघांनी मिळून तिच्यावर ग्रंथ लिहिला. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्डांचे नाव सर्वत्र झाले. वाडांचे नाव मराठी माणसासही सांगावे लागते, हे काही भूषणावह नाही. माती जिवंत आहे, हा आग्रह त्या पद्धतीच्या मुळाशी होता. मात्र मूळ आपल्या जीवाणूस कसे ओळखते, हे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते.

ते १९८६ साली सुटू लागले. लसूणघासाच्या बियांतून झिरपणारे ल्युटिओलिन नावाचे द्रव्य जीवाणूतील गाठी घडविणारी जनुके जागी करते, असे अमेरिकेत आढळले. सोयाबीनच्या मुळांतील जेनिस्टीन व डायडझीन ही द्रव्ये तेच काम करतात, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. हाक ऐकताच जीवाणू उलट एक द्रव्य सोडतो. त्याने मुळावरील केस वाकतो, जीवाणू आत शिरतो आणि गाठ धरू लागते. मात्र प्रत्येकाची हाक निराळी. हरभऱ्याचा जीवाणू सोयाबीनला ओ देत नाही.

माळव्यापुढे अडचण उभी राहिली ती येथेच. १९७० नंतर पडीक खरिपाच्या रानात सोयाबीन झपाट्याने शिरले. १९८७ मध्ये इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही निघाले. रानात हरभऱ्याचे सोबती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, पण नव्या पाहुण्याचे सोबती पुष्कळ ठिकाणी नव्हते किंवा अपुरे होते. मुळे हाक मारीत आणि ऐकणारा कोणी नसे. म्हणून बियाण्यास जीवाणूसंवर्धन चोळण्याची शिफारस झाली.

पुडी स्वस्त असते, पण तिच्यात जीव असतो, हा विसर पडतो. दुकानात उन्हात तापलेली किंवा मुदत टळलेली पुडी म्हणजे नुसती भुकटी. चोळलेले बी सावलीत सुकवून लगेच पेरावे लागते, आणि बुरशीनाशक लावायचे ते आधी, जीवाणू शेवटी. भरपूर युरिया टाकणारा शेतकरी तर आपल्याच पिकाचे तोंड बंद करतो. कारण मातीत नत्र मुबलक मिळाले की रोप गाठी धरण्याचे कष्ट घेत नाही.

याची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा नको. पीक फुलोऱ्यात आले म्हणजे एखादे रोप मातीसह हलकेच उपटावे, मुळे धुवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तेथे नत्र बांधले जात नाही.