हमालाच्या तोंडचे गाणे

नाटक पाहून घरी परतताना आपण जे गाणे गुणगुणतो, ते नायकाचेच असते असे नाही. पुष्कळदा ज्याचे नावही सकाळपर्यंत ध्यानात राहत नाही, अशा पात्राचे ते असते. अमेरिकन रंगभूमीवरच्या अशाच एका गाण्याची हकिकत सांगतो.

२७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कला 'शो बोट' हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. कादंबरी एडना फर्बर यांची, पदे ऑस्कर हॅमरस्टाइन यांची, संगीत जेरोम कर्न यांचे. मिसिसिपी नदीतून गावोगाव खेळ करीत हिंडणारी नाटकमंडळींची बोट, तिच्या कप्तानाची मुलगी आणि तिने वरलेला जुगारी तरुण, ही मुख्य कथा. ती चाळीसएक वर्षांवर पसरलेली. हा पसारा एका सूत्रात ओवायचा कसा? हॅमरस्टाइन यांना ते सूत्र नदीत सापडले. पण नदीचे गाणे म्हणावे कोणी? नायक-नायिका आपल्याच सुखदुःखात बुडालेली. म्हणून 'ओल्ड मॅन रिव्हर' हे पद आले जो नावाच्या कृष्णवर्णीय हमालाच्या वाट्याला. कथानकाचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही. पण काठावर ओझी वाहणाऱ्यालाच वाहते पाणी निवांत दिसते. माणसांच्या कष्टांशी नदीला देणेघेणे नाही, हे तोच जाणतो.

हॅमरस्टाइन यांनी हाच मार्ग पुढेही धरला. 'कॅरोसेल' (१९४५) या नाटकात नायक मरतो, तेव्हा नायिकेला धीर देणारे पद तिची नात्यातली बहीण नेटी गाते. १९६३ नंतर लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींनी ते आपले केले. हजारो कंठांतून ते उठते, पण नेटी कोण हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

जोच्या गाण्याचे भाग्य मात्र निराळे. ते पॉल रोबसन यांच्यासाठी योजिलेले होते, पण पहिल्या प्रयोगात गायिले ज्यूल्स ब्लेडसो यांनी. १९२८ मध्ये लंडनला रोबसन जो झाले आणि गाणे त्यांचेच होऊन बसले. पुढे, स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात, त्यांनी त्यातले शब्दच बदलले. मूळ पदातला जो थकलेला, मरणाला भ्यालेला. रोबसन यांचा जो अखेरपर्यंत झुंजणारा. लेखकाने हमालाच्या तोंडी सोशिकपणा घातला होता. हमालाच्या वंशजाने तो नाकारला. रोबसन यांचे वडील जन्माने गुलाम होते, हे विसरून चालणार नाही. १९५० मध्ये सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. ते परत मिळायला १९५८ साल उजाडले. मधल्या काळात, १९५७ मध्ये, ते समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून लंडनच्या श्रोत्यांपुढे गायिले.

त्या नदीचे पाणी आपल्याकडेही पोहोचले. न्यूयॉर्कला शिकत असताना भूपेन हजारिका यांचा रोबसन यांच्याशी परिचय झाला, आणि त्या प्रेरणेतून त्यांनी असमियात ब्रह्मपुत्रेचे गाणे रचले. हिंदीत तेच गंगेचे झाले. जो नदीला काही विचारीत नाही. हजारिका तिला जाब विचारतात.

नाटककाराने ज्याला कोपऱ्यात उभे केले, त्याचा आवाज असा दोन खंडांपलीकडे गेला. म्हणून पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा कोपऱ्यातल्या माणसाकडेही कान असू द्या.