चमकचं 18, हिस्से-बोराळ्याचं 380 : वऱ्हाडातल्या जुन्या लेखांमधलं साल कसं ओळखतात?

अचलपूरजवळच्या चमक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. तारीख आहे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि वर्ष 18.

पण कुठलं 18?

राजाचं वर्ष

हे 18 म्हणजे प्रवरसेन गादीवर बसल्यापासूनचं अठरावं वर्ष. याला राज्यवर्ष म्हणतात. राजा बदलला की मोजणी पुन्हा 1 पासून. त्या काळच्या लोकांना ते पुरेसं होतं, पण आपल्याला त्यावरून इसवी सन काढता येत नाही.

त्यासाठी नात्याचा आधार घ्यावा लागतो. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. चंद्रगुप्ताच्या काळातल्या लेखांवर गुप्त संवत 82 आणि 93 अशी वर्षं आहेत. त्यात 319 मिळवले की इसवी सन 401 आणि 412 येतात. म्हणजे नातू प्रवरसेन पाचव्या शतकातला.

शक आला, काम सोपं झालं

वाशिमजवळच्या (पूर्वीचा अकोला जिल्हा) हिस्से-बोराळा इथला शिलालेख वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला आहे. सुदर्शन नावाचं तळं बांधल्याची ही नोंद. यात थेट शक 380 दिलंय, म्हणजे सुमारे इसवी सन 458. वाकाटकांच्या लेखांत शक वर्ष सहसा सापडत नाही, म्हणून हा एक आकडा मोलाचा आहे. तो धरून देवसेनाच्या मागचे-पुढचे राजे कालक्रमात बसवता येतात.

शकाचा हिशोब सोपा आहे : शकात 78 मिळवा, इसवी सन येतो. पण शक वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर 79 मिळवावे लागतात. शिवाय लेखातलं वर्ष पूर्ण झालेलं (गत) की चालू, यानेही एका वर्षाचा फरक पडतो.

शक असूनही घोळ

अचलपूरच्या परिसरात राष्ट्रकूटांचं एक जुनं घराणं होतं. त्यातल्या नन्नराजाचे हे तीन ताम्रपट बघा :

- तिवरखेड (आता बैतूल जिल्हा) : शक 553, म्हणजे इ. स. 631-32
- सांगळूद (अकोला जिल्हा) : शक 615, म्हणजे इ. स. 693-94
- मुलताई (बैतूल जिल्हा) : शक 631, म्हणजे इ. स. 709-10

पहिल्या आणि शेवटच्या ताम्रपटात 78 वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हींत नन्नराजाच्या वडिलांचं नाव एकच, स्वामिकराज. एकच राजा इतकी वर्षं दानपत्रं देईल का? सांगळूद आणि मुलताई एकमेकांशी जुळतात, तिवरखेड वेगळा पडतो. म्हणूनच वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिवरखेडच्या ताम्रपटाच्या अस्सलपणावर शंका घेतली. दानपत्र हा जमिनीच्या हक्काचा कागद होता, त्यामुळे बनावट ताम्रपट ही त्या काळातही नवलाची गोष्ट नव्हती.

आकड्यांचा सापळा

यादी पुन्हा बघा. तिवरखेडचा इसवी सन 631 आणि मुलताईचा शकही 631! आकडा एक, काळात 78 वर्षांचा फरक.

यावर एक उपाय त्या काळातच दिसतो. कर्नाटकातल्या ऐहोळे इथल्या, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातल्या लेखात शक 556 सोबत भारतयुद्धानंतरची 3735 वर्षंही दिली आहेत. दोन मोजण्या एकमेकींशी ताडून बघता येतात.

त्यामुळे फॉरवर्ड होऊन आलेल्या पोस्टमध्ये आपल्या गावच्या लेखाचं नुसतं 'साल 631' दिसलं, तर शेअर करण्याआधी विचारा : राज्यवर्ष, शक की इसवी सन?