मौजे उमापूर आणि पूर्वजांचा शोध

आडनावाच्या शेवटी ‘कर’ आले की त्या घराण्याचे मूळ गाव हाती लागले, असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. परंतु असे आडनाव मनुष्याला गावात राहून मिळत नाही, गाव सोडल्यावर मिळते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या उमापुरात एखाद्याला उमापूरकर म्हणून हाक मारण्याचे काही प्रयोजनच नाही. तेथे तो पाटील असतो, कुलकर्णी असतो, सुतार किंवा जोशी असतो, नाहीतर भावकीच्या नावाने ओळखला जातो. तोच मनुष्य दुष्काळाने, चाकरीने अथवा भाऊबंदकीच्या कज्जाने परागंदा होऊन दुसऱ्या गावच्या वेशीत शिरला, म्हणजे तेथील लोक त्याला त्याच्या मागच्या मुक्कामाचे नाव चिकटवतात. आडनाव हा अशा रीतीने प्रस्थानाचा दाखला होय. आणि ज्या घराण्याने दोन-तीन पिढ्यांत दोन-तीन मुक्काम केले, त्याच्या आडनावात मूळ गावाऐवजी वाटेवरचे एखादे ठाणेच टिकून राहिलेले असण्याचा पुष्कळ संभव असतो.

पूर्वजांच्या गावाचा हा शोध आयरिश लोकांनी जवळजवळ राष्ट्रीय व्यवसायाच्या पदवीला नेऊन पोचवला आहे. 1845 ते 1852 या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि तितकीच किंवा अधिक समुद्रापार गेली. त्यांचे वंशज आता अमेरिका-ऑस्ट्रेलियातून पूर्वजांचे खेडे शोधीत येतात. त्यांची पहिली अडचण अशी की, जहाजाच्या यादीत किंवा थडग्यावर बहुधा नुसते ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले असते, आणि टाऊनलँड या नावाने ओळखले जाणारे भूमीचे लहान विभाग त्या देशात 60,000हून अधिक आहेत. दुसरी अडचण दप्तराची. 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दप्तरखाना स्फोटाने व आगीने भस्मसात झाला, आणि 1821 ते 1851 या चार खानेसुमाऱ्यांची घरोघरची पत्रके बहुतांशी त्यात गेली. परंतु 1861पासून 1891पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांची पत्रके कोणत्याही शत्रूने जाळलेली नसून सरकारी हुकमानेच नष्ट झाली, त्यांतील काही तर महायुद्धकाळात कागदाच्या रद्दीसाठी. दप्तराचा नाश आगीपेक्षा कारकुनी शिस्तीने अधिक होतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. उरल्या त्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि 1847 ते 1864 या काळात रिचर्ड ग्रिफिथ याने करविलेली जमीन व घरे यांच्या आकारणीची पत्रके. म्हणजे एक वही धर्माची आणि दुसरी साऱ्याची.

उमापूरच्या पूर्वजांचा माग काढणाऱ्याच्या वाट्यालाही हीच दोन प्रकारची दप्तरे येतात. त्यांपैकी महसुली दप्तराची कहाणी किचकट आहे, कारण हा मुलूख शतकानुशतके निजामाच्या अमलाखाली होता. गावचा पटवारी आपला हिशेब मोडीत मराठीतून लिही. तालुक्याचा व त्यावरचा कारभार प्रथम फारसीत आणि 1884च्या सुमारापासून उर्दूत चाले. 1865 साली निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत वाटणी, केली. त्यापूर्वीच्या कागदांत आजचा तालुका आणि जिल्हा शोधणे व्यर्थ, तेथे ‘सरकार’ आणि ‘परगणा’ हे तेव्हाचे मुलकी विभाग पाहावे लागतात. काळाचीही तीच गत. हैदराबादी कागदावर फसली सन असतो, त्यात 590 किंवा 591 मिळवले म्हणजे इसवी सन येतो. मराठी अमलातील कागदावर मृग नक्षत्रापासून सुरू होणारा शुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत लिहिलेला असतो. याच गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनी 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा मोड केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या रणात पडला. त्या सालच्या कागदावर ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे चार, साठ, शंभर व हजार, असे उलट्या क्रमाने लिहिलेले 1164 आढळेल. ज्याला हे उलगडता येत नाही, त्याच्या हाती पणज्याचे नाव येऊनही तो पणजा कोणत्या शतकातला हे कळायचे नाही.

याहूनही चमत्कारिक अडचण गावाच्या नावाची आहे. उमापूर नावाचे दुसरे एक गाव बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात आहे. तेथील महादेवाचे चालुक्यकालीन देवालय प्रसिद्ध आहे. आणि हे दोन्ही उमापूर 1948पर्यंत एकाच निजामी राज्यात नांदत होते. आता उर्दू लिपीत ‘बीड’ आणि ‘बीदर’ ही नावे लिहून पाहावीत : मधला एक दाल सोडला तर दोहोंचा सांगाडा एकच, आणि घाईच्या शिकस्ता वळणात हा दाल ओघातच बुडून जातो. तेव्हा एखाद्या जुन्या सनदेत किंवा पेन्शनीच्या कागदात ‘मौजे उमापूर’ दिसले म्हणून हर्षभरित होण्याआधी परगण्याचे नाव ताडून पाहणे प्राप्त आहे. नाहीतर कन्नड मुलखातील एका निरपराध घराण्याशी आपले भाऊपण जुळायचे.

महसुली दप्तराचा स्वभावच असा की त्याला माणसांशी कर्तव्य नाही, जमिनीशी आहे. सारा भरणारा खातेदार त्यात येतो. त्याचा धाकटा भाऊ, विधवा बहीण, सालदार, उपरी कूळ हे येत नाहीत. महार, चौगुला, जोशी यांची नावे त्यांच्या इनामाच्या तुकड्यापुरती सापडतात. वतनाचा तंटा उभा राहिला तरच सरकारला घराण्याची उत्पत्ती ऐकण्याची हौस येई, आणि मग करीना म्हणून जी हकीकत लिहिली जाई तीत सात-आठ पिढ्यांची नावे धडाधड येत. मात्र ती कज्जा जिंकण्याच्या हेतूने सांगितलेली असत, हे विसरून चालत नाही. अशी बनावट वंशावळ मला निर्व्याज विस्मृतीपेक्षा अधिक घातक वाटते. कारण विस्मृती निदान जागा मोकळी ठेवते.

दुसरे दप्तर तीर्थोपाध्यायांचे. गोदातीरच्या लोकांचे पाय त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पैठण येथे स्वाभाविकच वळत, आणि सिंहस्थ, अस्थिविसर्जन, नारायणनागबळी अशा निमित्तांनी गेलेल्या यजमानाची नोंद त्या त्या उपाध्यायांच्या वहीत होई. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, कोणत्या आडनावाचे यजमान कोणाचे, याची वाटणी वृत्ती म्हणून वंशपरंपरेने ठरलेली असे, आणि तीवरूनही तंटे होत. ही वही उघडण्याची रीत पाहण्याजोगी असते. गुरुजी आपले नाव प्रथम विचारीत नाहीत, गाव विचारतात. मग जात, आडनाव, कुलस्वामी. मग लाल कापडात बांधलेल्या रुमालातून लांबट पानांची वही निघते, बोट मोडी ओळींवरून खाली सरकते, आणि आजोबांची सही पुढे येते. त्यांच्याखाली भाऊ, मुलगे, पुतणे, आणि एखाद्याचे नाव लिहून त्यापुढे तो दत्तक गेल्याचा शेरा. ज्यांना अक्षर येत नसे त्यांची नावे उपाध्यायच लिहून घेत.

महसुली कागदात ज्या बायका औषधालाही सापडत नाहीत, त्यांचा शोध पितृकार्याच्या आधारे थोडाबहुत लागतो. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही नामगोत्रासह उच्चार व्हावा लागतो, आणि आईच्या माहेरचे तीन पुरुषही त्यात येतात. घराण्याची तोंडी स्मृती बहुधा पणज्यापाशीच का थांबते, याचे कारण हेच. विधीला त्यापलीकडचे नाव लागत नाही, म्हणून ते कोणी पाठ करीत नाही.

गावही विसरले आणि उपाध्यायही विसरले, अशा इंदूर-बडोद्याकडील घराण्यांना कुलदैवत तेवढे आठवते. परंतु कुलदैवतावरून गाव काढणाऱ्याने जपून असावे. याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता आहे, आणि सह्याद्रीपलीकडची देवी समुद्रकाठच्या कुळांना कशी मिळाली यावर आख्यायिकांची रेलचेल आहे. म्हणून कोणी चिपळूणच्या दप्तराऐवजी अंबाजोगाईच्या पटवाऱ्याकडे पणजा शोधू लागला तर त्याची पायपीट फुकट जाईल. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची स्थिती यापेक्षा बरी म्हणायची. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातील नोंदवह्यांत मजुराचे, बापाचे, जिल्ह्याचे व गावाचे नाव लिहिलेले आहे. पण ते साहेबी कानाने ऐकून रोमन अक्षरांत उतरवलेले, त्यामुळे एकाच लेखनातून कोकणातील चार-पाच गावे निघू शकतात.

शिवाय गाव सापडले तरी ते नांदते असेलच असे नाही. दुष्काळात उठून गेलेली जी गावे पुन्हा वसलीच नाहीत, त्यांना महसुली भाषेत ‘बेचिराग’ म्हणतात. त्यांची शिवारे, गट क्रमांक, साऱ्याचा आकार सर्व कागदोपत्री जिवंत असते, फक्त दिवा लावणारे कोणी नसते.

मराठवाड्यात हा शोध एकदम घरोघर पोचला तो 2023 साली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर त्या वर्षी सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ‘कुणबी’ ही नोंद हुडकण्यासाठी निजामकालीन महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे यांवरील धूळ झटकली गेली. ज्या मोडी वाचकांना एरवी इतिहाससंशोधकांखेरीज कोणी पुसत नव्हते, त्यांच्याकडे रांगा लागल्या. उर्दू-फारसी जाणणाऱ्यांचाही भाव वधारला. विदर्भाच्या मानाने मराठवाड्यात अशा नोंदी फार थोड्या निघाल्या, आणि त्यावरून जो वाद माजला तो येथे उकरण्याचे कारण नाही. मला त्यात एवढेच खटकते की, शोध एका शब्दाचा होता, आणि तो सापडला किंवा न सापडला की पान उलटले जाई. त्या शब्दाच्या आजूबाजूला जी नावे होती, बाप, चुलते, शेताची चतुःसीमा, पिकाचा शेरा, ती उतरून घेण्याची गरज पुष्कळांना भासली नाही. वास्तविक वंशावळ त्यांतूनच उभी राहायची. ज्या घरी अशी नक्कल आलेली आहे, त्यांनी ती कुणबी प्रमाणपत्राच्या धारिकेत बंद करून ठेवण्यापूर्वी तीवरील मौजे, परगणा, खातेदार आणि फसली सन वेगळ्या कागदावर लिहून काढावेत, आणि तो कागद घेऊन त्र्यंबकेश्वरला जावे. तेथे गुरुजी पहिला प्रश्न गावाचा करतील, तेव्हा ‘उमापूर’ एवढ्यावर न थांबता ‘गेवराईकडचे’ हेही सांगावे, म्हणजे रुमाल बरोबर निघेल.