‘दोनच किलो तर जास्त आहे!’: स्वस्त विमान कंपन्यांचे सामानाचे नियम काय आहेत, आणि कोणती तक्रार टिकते?

बुलढाणा जिल्ह्यातून विमानाने जायचं म्हटलं की प्रवास आधी जमिनीवरूनच सुरू होतो. जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजाकडचे लोक सहसा छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ गाठतात. बुलढाण्याहून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावची मंडळी रेल्वेने नागपूर किंवा मुंबईला जातात. मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरातल्या लोकांसाठी समृद्धी महामार्गामुळे नागपूर जवळ आलं आहे.

एवढं अंतर कापून काउंटरवर पोहोचलेल्या कुटुंबाची बॅग काट्यावर ठेवली जाते आणि आकडा दिसतो १९ किलो. तिकिटावर मुभा १५ किलोची. मग एकतर पैसे भरा, नाहीतर तिथेच बॅग उघडून तुरीची डाळ, कुरडया, पापड बाहेर काढा. अशा वेळी वाद होतो, व्हिडिओ निघतो आणि ‘विमान कंपन्यांची लूट’ या नावाने तो फिरू लागतो.

यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात, तर काहींना कुठलाच आधार नसतो. हा फरक माहीत असेल तर पैसेही वाचतात आणि खरी तक्रार करायची वेळ आली तर तिला वजनही येतं.

मूळ नियम काय आहे?

इंडिगो, आकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांच्या देशांतर्गत साध्या तिकिटावर सर्वसाधारणपणे दोन प्रकारचं सामान नेता येतं. चेक-इन सामान म्हणजे काउंटरवर जमा करायची बॅग, १५ किलोपर्यंत. केबिन सामान म्हणजे सोबत विमानात न्यायची बॅग, ७ किलोपर्यंत. केबिन बॅगेला आकाराचीही मर्यादा असते. लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण ११५ सेंटिमीटर.

हातात एकच बॅग हा नियम कंपन्यांचा नाही. तो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचा, म्हणजे सरकारी सुरक्षा यंत्रणेचा आहे. लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग याला अपवाद मानली जाते. मात्र मिठाईच्या डब्यांची वेगळी पिशवी, पाठीवरची सॅक आणि ट्रॉली असं तिन्ही घेऊन जाता येत नाही.

काही तिकिटं याहून स्वस्त असतात, कारण त्यांत चेक-इन सामान धरलेलंच नसतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपन्यांना अशी तिकिटं विकायची परवानगी दिली. मात्र एक अट घातली. असा प्रवासी काउंटरवर बॅग घेऊन आला तर किती पैसे पडतील, हे बुकिंग करतानाच स्पष्ट दिसलं पाहिजे आणि तिकिटावर छापलेलं असलं पाहिजे.

रेल्वेत चालतं, मग विमानात का नाही?

शेगावहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टिअर एसीच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येतं, टू टिअरला ५० किलो. त्यातही डब्यात सामान मोजायला सहसा कुणी येत नाही. गाडीला चार किलोने फरक पडत नाही. विमानाचं गणित वेगळं असतं.

उड्डाणाआधी प्रत्येक विमानाचं ‘लोडशीट’ तयार होतं. प्रवासी, सामान, माल आणि इंधन मिळून किती वजन झालं आणि ते विमानात कुठे कुठे विभागलं आहे, याचा तो हिशेब. १८० प्रवाशांनी प्रत्येकी फक्त ३ किलो जादा आणलं तर ५४० किलो वाढतात. त्या वजनासाठी जास्त इंधन जळतं, किंवा तेवढा माल खाली ठेवावा लागतो.

दुसरं कारण वेळेचं. कमी भाड्याची कंपनी टिकते ती विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवून. हातातल्या बॅगा मोठ्या असल्या की वरच्या कप्प्यात जागा शोधण्यात वेळ जातो, उड्डाण लांबतं आणि पुढची सगळी उड्डाणं मागे पडतात.

तिसरं कारण सरळ पैशाचं आहे. भारतात २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवासाची सुरुवात केली. त्यामागचं तत्त्व असं होतं की भाडं फक्त सीटचं घ्यायचं आणि खाण्यापिण्यासारख्या बाकीच्या गोष्टींचे वेगळे पैसे घ्यायचे. युरोपात रायनएअरने २००६ मध्ये चेक-इन बॅगेसाठीही पैसे घ्यायला सुरुवात केली. जादा सामान हा कंपन्यांच्या कमाईचा भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भारतात डीजीसीएने २०१६ मध्ये १५ ते २० किलोच्या टप्प्यासाठी किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून हा दर कंपन्याच ठरवतात. त्यामुळे विमानतळावरचा दर आगाऊ ऑनलाइन घेतलेल्या वजनापेक्षा महाग असतो.

कोणत्या तक्रारी टिकत नाहीत?

‘मागच्या वेळी सोडलं होतं.’ एखाद्या कर्मचाऱ्याने एक-दोन किलोकडे काणाडोळा केला असेल, तर ती त्याची सवलत होती. त्याने प्रवाशाचा हक्क तयार होत नाही.

‘माझं स्वतःचं वजन ५० किलो आहे, शेजारच्याचं ९०. मग माझी बॅग का मोजता?’ हा युक्तिवाद समाजमाध्यमांवर फार आवडीने मांडला जातो. पण लोडशीटमध्ये प्रवाशांचं एक ठरावीक सरासरी वजन धरलेलं असतं. तिकीट सीटचं असतं, किलोचं नसतं. सामानाची मुभा मात्र किलोत दिलेली असते.

‘परदेशाच्या तिकिटावर ४६ किलो चालतात, मग इथे १५ का?’ मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांची ही नेहमीची अडचण. नागपूर ते मुंबई वेगळ्या तिकिटावर आणि मुंबईहून पुढे दुसऱ्या तिकिटावर, असा प्रवास असेल तर पहिल्या विमानाला दुसऱ्या तिकिटाशी देणंघेणं नसतं. त्या टप्प्याला देशांतर्गत नियमच लागतो. पूर्ण प्रवास एकाच बुकिंगमध्ये असेल तर बहुतेक वेळा ही अडचण येत नाही.

‘प्रसाद आहे, अडवू नका.’ शेगावची कचोरी किंवा पेढे न्यायला सहसा हरकत नसते, पण नारळाचं तसं नाही. सुकं खोबरं मार्च २०२२ पासून चेक-इन बॅगेत चालत नाही, कारण त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. अख्खा नारळ एरवी हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यासाठी खास सूट मिळाली, तीही फक्त २० जानेवारी २०२५ पर्यंत. तेलाचं लोणचं, तूप आणि मिरचीपूड चेक-इन बॅगेत नीट बांधून ठेवलेली बरी, कारण सुरक्षा तपासणीत ती हातातल्या पिशवीतून काढून घेतली जाऊ शकते. पॉवर बँकेचं याउलट. ती हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही.

सुरक्षा तपासणीत वस्तू अडली तर विमान कंपनीवर राग काढण्यात अर्थ नसतो. ती तपासणी कंपनीच्या हातात नसते.

वाद हाताबाहेर गेला तर?

२६ जुलै २०२५ रोजी श्रीनगर विमानतळावर केबिन सामानावरूनच मारहाण झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार ७ किलोची मुभा असताना प्रवाशाकडे दोन बॅगांत मिळून १६ किलो सामान होतं. पैसे भरायला सांगितल्यावर झालेल्या हल्ल्यात चार कर्मचारी जखमी झाले, असंही कंपनीने सांगितलं. प्रकरण पोलिसांत गेलं.

डीजीसीएच्या २०१७ च्या नियमावलीत अशा वर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ किंवा धमकावणीसारख्या वर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या वर्तनासाठी किमान दोन वर्षं विमानप्रवासाला बंदी येऊ शकते. काउंटरवर बसलेला कर्मचारी दर ठरवत नाही. त्याच्यावर ओरडून दर कमी होत नाही.

मग खरी तक्रार कोणती?

बुकिंगच्या वेळी न दाखवलेलं शुल्क विमानतळावर मागितलं, तर ती ठोस तक्रार आहे. पैसे घेऊन पावती दिली नाही, किंवा आगाऊ पैसे भरलेलं जादा वजन काउंटरवर मान्य केलं नाही, तरीही तसंच.

बॅग हरवली, उशिरा आली किंवा फुटली, तर कंपनी जबाबदार असते. २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात प्रत्येक प्रवाशाला कमाल २०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल कराराची मर्यादा लागू होते. फुटलेल्या बॅगेची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत लेखी करावी लागते. दागिने, रोकड, कागदपत्रं चेक-इन बॅगेत ठेवली असतील तर भरपाई मिळवणं फार अवघड जातं.

बॅग बेल्टवर यायला किती वेळ लागावा, यालाही मर्यादा आहे. शेवटची बॅग ३० मिनिटांत यावी, असं सुरक्षा ब्युरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं.

तक्रार कुठे करायची?

बॅगेचा प्रश्न असेल तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर ‘पीआयआर’ नावाचा अहवाल भरून त्याची प्रत घ्यावी. ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. अनेक जण गाडी चुकेल या भीतीने ती टाळतात आणि पुढे पुराव्याअभावी अडकतात. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, पावती आणि फोटो जपून ठेवावेत.

त्यानंतर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. केंद्र सरकारचं ‘एअरसेवा’ पोर्टल आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी लोणारच्या किंवा जळगाव जामोदच्या प्रवाशाला तिकडे जावं लागत नाही, बुलढाण्याचा जिल्हा आयोग पुरतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

निघण्याआधी काय करावं?

तिकिटावर चेक-इन आणि केबिन सामानाचे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर व्हॉट्सअॅपवर आलेल्या वेळेच्या फोटोवर न थांबता पूर्ण तिकीट मागून घ्यावं. वजन वाढणार असेल तर ते आदल्या दिवशीच ऑनलाइन विकत घ्यावं. एकाच बुकिंगवर चौघं जात असतील तर वजन एकत्र धरतात का आणि बॅगा किती चालतात, हे कंपनीच्या अटींत वाचावं.

आणि बॅग घरीच मोजावी. हुकाचा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर गल्लीतल्या किराणा दुकानाचा काटाही चालतो. तिथे १९ किलो भरले तर चार किलो डाळ घरी ठेवता येते. तेच दीडशे किलोमीटरवरच्या विमानतळावर कळलं तर ती डाळ मागे ठेवायलाही कुणी नसतं.