न उघडलेली काडेपेटी कशी वाचावी

अंबरनाथचा इतिहास म्हटला की आपण शिवमंदिरापाशी थांबतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांचा काळ. ते रास्तच आहे. पण आज बुवापाड्यात बसून मला बोलायचं आहे ते पश्चिमेच्या एका नावाबद्दल, जे रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून रोज असतं: विम्को. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, काडेपेट्यांचा कारखाना. त्यातही प्रश्न एकच घेतलाय. ऐंशी-नव्वद वर्षांची, कधीच न उघडलेली काडेपेटी हाती आली, तर ती खरंच न उघडलेली आहे का, आणि आत काय अवस्था आहे, हे न उघडता कसं ठरवायचं?

हा प्रश्न जगात दुसरीकडे मोठ्या पैशांचा झालाय. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रपत्रं च्युइंगगमबरोबर मेणकागदाच्या पाकिटात मिळत. आपल्याकडेही बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रं यायची. पाकीट फाडून फेकायचं आणि चित्र ठेवायचं, हा मुलांचा नियम दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे आज न फाडलेलं पाकीटच दुर्मीळ. ते पाकीट तज्ज्ञ तपासतात, १ ते १० असा दर्जाचा आकडा देतात, पारदर्शक डबीत बंद करतात. मेणकागद उष्णतेनं चिकटवलेला असतो, म्हणून पुन्हा इस्त्री फिरवून चिकटवता येतो. फसवणूक तिथेच होते. २०२१ च्या शेवटी एका अमेरिकन यूट्यूबरनं पोकेमॉन कार्डांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. तज्ज्ञांनी ती खरी ठरवली होती. जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तर आत दुसऱ्याच मालिकेची कार्डं. बाहेरचं सील पाहून निर्णय दिला होता. आत काय असायला हवं, याची परीक्षा झालीच नव्हती.

काडेपेटीच्या बाबतीत आपल्याला ही परीक्षा जास्त चांगली करता येते, असं माझं मत आहे. कारण तिच्या जन्माची कथा आपल्याला माहीत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जळणारी काडी बहुतेक स्वीडनची किंवा जपानची असे. त्यांच्या छापांवर आपलेच देव, राजा रविवर्म्यांची चित्रं. परदेशी माल आणि देशी देव्हारा. १९२२ मध्ये सरकारनं आयात काड्यांवरचा कर ग्रोसला दीड रुपया केला. ग्रोस म्हणजे १४४ डब्या. कराची भिंत उभी राहिल्यावर स्वीडिश मॅच कंपनीनं, म्हणजे ईवार क्रूगरच्या साम्राज्यानं, भिंतीच्या आत येऊन कारखाने काढले. विम्कोची स्थापना १९२३ ची. अंबरनाथ हा तिचा एक कारखाना. बरेली, कलकत्ता, मद्रास इथेही होते. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन काड्या करायला शिकून आले. एकीकडे यंत्रं, दुसरीकडे हाताची मजुरी. डबी हातात घेतल्यावर हा फरक बऱ्याचदा बोटांना कळतो: यंत्रावरच्या डबीच्या घड्या एकसारख्या, हातच्या डबीत छाप थोडा तिरका. म्हणून तिरका छाप दिसला की लगेच ‘खराब नग’ म्हणू नका. तो जन्मखूणही असू शकतो.

मग १९३४ आलं. काडेपेटीवर अबकारी कर लागला. डबीत सरासरी ४० पर्यंत काड्या, ६० पर्यंत, ८० पर्यंत, असे टप्पे. कर भरल्याची खूण म्हणून डबीवर कागदी पट्टी आली, तिला बँडरोल म्हणत. डबी उघडताना ती फाटावी, हाच तिचा हेतू. संग्राहकाला यापेक्षा काय हवं? सरकारनंच सील लावून दिलं! ब्रिटिश हिंदुस्थानातली डबी पट्टीसकट असेल, तर ती १९३४ च्या आधीची नाही. आणि पट्टी अखंड असेल, तर आत माल भरलेला असण्याचा दावा उभा राहतो. दावा म्हणतोय मी. सिद्ध व्हायचा आहे.

आता तपासणी. पहिल्यांदा डिंक पाहा. जुन्या कारखान्यांत खळ पिठाची, पिष्टाची. ती कसरीला आणि झुरळाला आवडते, म्हणून पट्टीची कड कुरतडलेली असणं स्वाभाविक आहे. ठाणे जिल्ह्यात चार महिने ओल असते. या हवेत काढलेल्या नव्वद वर्षांत कडा शाबूत आणि जोडावर पांढुरका, रबरासारखा चिकट थर दिसला, तर मी सावध होतो. आपल्या घरोघरचा फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आला. १९३६ च्या डबीवर तशा गोंदाचं काम काय?

दुसरं, पट्टीखालचा रंग. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेला छाप फिका होतो, पट्टीखालचा भाग ताजा राहतो. पट्टीची कड आणि ही फिकेपणाची रेघ जुळली पाहिजे. पट्टी काढून परत लावली असेल तर अर्धा मिलिमीटर तरी चुकतेच. साधं भिंग पुरतं. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात फिरवा: कागद झगझगीत निळा दिसला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती युद्धानंतरच्या कागदात सर्रास आली.

तिसरं, आतली गोष्ट बाहेर येते. काडी लवकर पेटावी म्हणून तिचं टोक मेणात बुडवलेलं असतं. डबी पत्र्याच्या माळ्यावर राहिली तर ते मेण उन्हाळ्यात लाकडात आणि कागदात झिरपतं, तेलाच्या थेंबासारखा डाग पडतो. अमेरिकन पाकिटातसुद्धा गमचा डाग लगतच्या कार्डावर उमटतो, आणि तिथले लोक त्याला दोष मानून दर्जा खाली आणतात. मला हे पटत नाही. असा डाग आत माल असल्याची, आणि तो तिथेच वर्षानुवर्षं असल्याची साक्ष आहे. तो गुलाच्या बाजूलाच पडायला हवा. दुसऱ्या टोकाला पडला असेल तर कोणीतरी बाहेरून तेल सांडलंय.

चौथं, काडी घासायची पट्टी. सेफ्टी काडीचं गुल एकटं पेटत नाही. तांबडा फॉस्फरस डबीच्या बाजूला असतो, काचेच्या पुडीबरोबर. हा फॉस्फरस दमट हवेत हळूहळू आम्ल होतो, पट्टी काळपट आणि ओलसर वाटते. कधीच न घासलेली पण काळवंडलेली पट्टी खरी असते. घासल्याची एकही रेघ असेल तर डबी उघडली गेलीय, मग बँडरोल काहीही म्हणो.

हलवून आवाज ऐका, पण हळू. कोरड्या काड्या खुळखुळतात. गुल ओलीनं फुगून एकमेकांना चिकटली असतील तर डबी गप्प राहते. गप्प डबी रिकामी समजू नका, वजन करा. त्याच छापाची रिकामी डबी मिळाली तर तुलना सोपी. डबीचं लाकूडही बघा: जुनी डबी पातळ लाकडी पापुद्र्याची, आपल्याकडे पुष्कळदा सावरीची. पुठ्ठ्याची डबी त्या मानानं अलीकडची.

एवढं सगळं असूनही काडेपेटीला १ ते १० आकडा देणारी संस्था का उभी राहिली नाही? याचं साधं कारण असं की भरलेली काडेपेटी टपालानं पाठवता येत नाही. ज्वालाग्राही माल. कार्डांचं पाकीट समुद्रापार तज्ज्ञाकडे जातं, आपली डबी गावातच राहते. त्यामुळे जगभरच्या संग्राहकांनी सोपा मार्ग घेतला: काड्या टाकायच्या, डबी पाण्यात भिजवायची, छाप सोडवून वहीत चिकटवायचा. छाप वाचले; डिंक, पट्टी, लाकूड, मेणाचा डाग, म्हणजे मघापासून मी ज्या खुणा सांगतोय त्या सगळ्या, पाण्यात गेल्या. रविवर्म्याच्या चित्रांचे सुंदर आल्बम आज आहेत, आणि त्यातला कोणता छाप कुठल्या बनावटीच्या डबीवर होता हे त्यांतल्या पुष्कळांबाबत सांगता येत नाही.

म्हणून हे मूल्यमापन स्थानिक माणसांवरच आहे. कारखान्यात, वेष्टनाच्या कामावर, वर्षं काढलेला माणूस पुड्याची घडी बघून जे सांगेल, ते भिंगातून मला दिसणार नाही. विम्को २००५ मध्ये आयटीसीच्या ताब्यात गेली. ‘शिप’ आणि ‘होमलाइट्स’ ही नावं तुम्ही दुकानात पाहिली असतील. पण पुड्याला खळ कुठल्या बाजूनं लागायची, हे विचारायला माणसंच हवीत, आणि ती आता वयस्क आहेत. त्यांच्याकडून डबी समोर ठेवून ऐकून घ्या, नुसत्या आठवणी विचारू नका. हातात वस्तू आली की हात बोलायला लागतात.

घरात जुना पुडा सापडला तर भिजवू नका, उघडू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. ओल आतच अडकते. देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, ही आग आहे. कुठे सापडला, माळ्यावर की किराणा दुकानाच्या फळीवर, ते चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. सहाही बाजूंचे फोटो काढा. आज कोणी डबी बरोबर आणली असेल तर पुढच्या टेबलावर या, भिंग आणि टॉर्च ठेवलाय. आपण आधी डिंकाचा जोड बघू.