शाळेच्या बुटांचा मुहूर्त

व्याख्यानमालेचे हे दिवस आणि मुलांच्या सुटीचे दिवस एकच. परीक्षा आटोपलेल्या असतात, निकाल हाती आलेले असतात, आणि आंब्याच्या अढीबरोबर घरोघर एक यादीही पिकू लागते: वह्या, पुस्तके, गणवेश, छत्री आणि बूट. यादीतील इतर वस्तू केव्हा आणाव्यात याबद्दल फारसा विचार करावा लागत नाही. मे महिन्यात आणलेली वही जूनमध्ये आखूड होत नाही. बुटाचे तसे नाही. बूट जागच्या जागी राहतो आणि पाय पुढे जातो. म्हणून बूट केव्हा घ्यावेत हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि दरवर्षी घाईगर्दीत कसातरी सुटतो. प्रश्न घरगुती खरा. पण त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिल्यावाचून त्याचे नीट उत्तर सापडणार नाही असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत हा प्रश्नच नव्हता. मुले ओसरीवर किंवा देवळात जमिनीवर बसत. पायांत वहाणा असल्याच तर त्या बाहेर राहत, आणि बहुतेकांच्या पायांत त्या नसतच. गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याच्या वहाणा, मोट, आसूड यांचे काम त्याने वर्षभर करावे आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, अशी रीत होती. म्हणजे पादत्राणाचा हिशोब पीक हाती आल्यावर होत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे. आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज हे चित्र पुरे होत नाही. ज्या हातांनी गावाचे जोडे शिवले, त्या हातांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर अस्पृश्य मानलेल्या घरांच्या मुलांना वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या आळीतून जोडे घालून जाण्याची मुभा अनेक गावी नव्हती. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली. आज सर्व जातींची मुले एका रांगेत सारखे बूट घालून प्रार्थनेला उभी राहतात, तेव्हा त्या रांगेत एक मोठी सामाजिक घटना उभी असते.

‘शाळेचे बूट’ ही कल्पना मात्र सक्तीच्या शिक्षणाबरोबर आली, आणि तिचा जन्म पाहायचा तर इंग्लंडात गेले पाहिजे. तेथे १८७० च्या कायद्याने गावोगाव प्राथमिक शाळांची तरतूद झाली, १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली आणि १८९१ मध्ये बहुतेक शाळांची फी उठली. सरकारने फी माफ केली. पण थंडीपावसात, चिखलातून दोन-तीन मैल चालत येणाऱ्या मुलाच्या पायांत बूट कोठून येणार, याचा विचार कायद्यात नव्हता. त्या काळच्या शाळांच्या रोजनिशींत मुख्याध्यापकांनी पुनःपुन्हा एकच कारण लिहून ठेवले आहे: बूट नाहीत म्हणून मुले गैरहजर. शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीतून भाकरी निघे, बूट निघत नसत. ते निघत सुगीच्या जादा मजुरीतून. पीक कापून झाले, ते पैसे हाती आले, की सबंध घराला हिवाळ्याचे बूट घ्यावयाचे, असा तेथील खेड्यांचा शिरस्ता होता. ज्यांना तेवढेही साधत नसे, त्यांच्यासाठी चर्चच्या किंवा शाळेच्या आश्रयाने ‘बूट-भिशी’ चाले. आईने दर आठवड्याला पेनी-दोन पेनी भरावी आणि वर्षाअखेर त्याचे बूट घ्यावे. १८९२ मध्ये एडिंबरोत पोलिसांच्या मदतीने अनाथ व गरीब मुलांना कपडे आणि बूट देणारी संस्था निघाली, आणि पुढे इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. अशा संस्था दिलेल्या वस्तूंवर शिक्का मारीत; कारण घरातल्या अडचणीपायी मुलाचे बूट सावकाराकडे गहाण पडत! एका शिक्क्यात त्या काळची गरिबी किती स्पष्ट उमटली आहे पाहा.

याच सुमारास बूट तयार करण्याची रीतही पालटत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातले पुष्कळसे जोडे डाव्या-उजव्याचा भेद न ठेवता एकाच सरळ कलबुतावर बनत. कलबूत म्हणजे ज्यावर जोडा चढवून बेततात तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. चामडे त्यावर ताणून बसविणे हे सगळ्यांत कसबाचे काम. ते यंत्राला जमणार नाही, अशी कारागिरांची खात्री होती. डच गियानात जन्मलेला आणि अमेरिकेत लिन गावच्या बुटांच्या कारखान्यात राबणारा यान माट्झेलिगर या कृष्णवर्णीय तरुणाने ते यंत्र बनविले. १८८३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. जेथे कुशल कामगार दिवसाला पन्नासएक जोड हातावेगळे करी, तेथे यंत्र शेकड्यांनी करू लागले, आणि बुटाच्या किमती खाली आल्या. गरिबाच्या मुलाच्या पायात बूट आला त्याचे श्रेय जितके कायद्याला, तितकेच या यंत्राला आहे.

तयार बूट आला आणि त्याच्याबरोबर ‘नंबर’ आला. पूर्वी कारागीर मुलाचा पाय पाहून जोडा करी. आता मुलाने आपला पाय नंबरात बसवावयाचा. हा इंग्रजी नंबर मोठा मौजेचा आहे. जवाचा एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि तोच एका नंबराचा फरक. मुलांची मोजणी चार इंचांपासून सुरू होऊन तेरापर्यंत जाते आणि मग पुन्हा एकापासून चालू होते. त्यामुळे यंदा तेरा नंबर घालणाऱ्या मुलाला पुढल्या वर्षी एक नंबर लागतो, आणि बापाला वाटते दुकानदार चुकला!

नंबर ठरविण्याच्या या खटपटीत शहाण्या माणसांचाही तोल गेला. १९२० नंतर अमेरिकेतल्या व इंग्लंडातल्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी आली. मुलाने तीत बूट घातलेले पाय घालावेत आणि वरच्या झरोक्यातून आईने, दुकानदाराने व खुद्द मुलाने बुटाच्या आतली हाडे पाहावीत. मुलांना तो खेळ वाटे, आईला शास्त्र वाटे, आणि दुकानदाराचा धंदा होई. पुढे या किरणांचे धोके उमगले, आणि १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने या पेटीवर बंदी घातली. मुलाला उभे करून अंगठ्याने चाचपले असते तरी जे कळले असते, त्यासाठी मुलांच्या पायांवर तीस वर्षे किरणांचा मारा झाला.

मग बूट हवेतच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कैरो शहरात एका अपघातात मिळाले. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ अंकुशकृमीच्या अळ्यांवर प्रयोग करीत असता त्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले. जागा खाजू लागली, आणि काही काळाने त्याच्याच पोटात त्या कृमींचा प्रादुर्भाव आढळला. अळ्या कातडीतून शरीरात शिरतात हे त्याने १८९८ मध्ये जाहीर केले. पुढे १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर यांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिण भागात मोहीम झाली, तेव्हा तपासलेल्या भागांतील शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना ही बाधा आढळली. ‘आळशी’ म्हणून हिणविलेली ती मुले वस्तुतः रक्तक्षयाने थकलेली होती. औषध, शौचकूप आणि पायांत जोडा, असा तिहेरी उपाय त्यांना सांगितला गेला. तेव्हा बूट हा केवळ शिस्तीचा अलंकार नव्हे. तो आरोग्याचाही भाग आहे.

आता आपल्या घरी येऊ. बाटा कंपनीने १९३४ मध्ये कलकत्त्याजवळ बाटानगरच्या उभारणीस हात घातला, आणि पुढे तयार बूट तालुक्याच्या पेठेपर्यंत पोहोचला. शाळा वाढल्या, गणवेश आला, गणवेशाबरोबर काळे बूट आले. परंतु इंग्लंडात आणि आपल्यात एक फरक राहिला, तो कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. तेथे शाळेचे वर्ष सप्टेंबरात, म्हणजे सुगीनंतर सुरू होते. आपले सुरू होते जूनच्या मध्यास, विदर्भात उन्हामुळे थोडे उशिरा. ७-८ जूनला मृग लागतो. ज्या पंधरवड्यात बी-बियाणे आणि खत घ्यावयाचे, त्याच पंधरवड्यात बूट घ्यावयाचे! शेतकऱ्याच्या घरात जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकाच थैलीवर हात टाकतात, आणि थैली तर वर्षातली सर्वांत रिकामी. नोकरदाराचीही स्थिती फार वेगळी नाही. फी, पुस्तके, गणवेश, सगळे त्याच एका पगारातून. बलुत्याच्या काळी पादत्राणाचा हिशोब खळ्यावर होई. शाळेने तो पेरणीवर आणून ठेवला.

या ओढाताणीतून एक उपाय निघतो, तो आपण सर्वांनी भोगला आहे. ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घ्यावयाचा आणि पुढे कापूस कोंबावयाचा. आम्हीही असे बूट घातले. पहिले वर्ष ते टाचेला घासत, दुसऱ्या वर्षी नेमके बसत तोवर झिजून गेलेले असत, आणि तिसऱ्या वर्षी अंगठा चावत. म्हणजे तीन वर्षांत चांगला बूट आमच्या वाट्याला एकदाही आला नाही. मुलाची हाडे कोवळी असतात; चावणाऱ्या बुटाबद्दल ते बोलत नाही. घरात पैसे नाहीत हे त्याला कळत असते.

हिशोब साधा आहे. प्राथमिक शाळेच्या वयात पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो. बुटात अंगठ्यापुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा असावी. म्हणजे बेताने घेतलेला बूट जेमतेम वर्षभर पुरतो. तो एप्रिलच्या सवलतीत घेतला, तर त्यातले दोन महिने खोक्यातच गेले. म्हणून शाळा उघडण्यापूर्वीच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांतच बूट घ्यावा. संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. मुलाला बरोबर न्यावे, मोजे घालून उभे करावे, दोन्ही पाय पाहावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. दर तीन महिन्यांनी अंगठ्यापुढची जागा पुन्हा चाचपावी.

पण इतिहासाचे उत्तर याच्याही पुढे जाते. जूनमध्ये घेतलेला चामड्याचा बूट पहिल्याच पावसात भिजतो आणि दसऱ्यापर्यंत कुजत राहतो. पावसाळ्यात शाळांनी साधी, पाण्याला टिकणारी पादत्राणे चालवून घ्यावीत, आणि चांगला बूट दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सत्राला घेऊ द्यावा. तोपर्यंत खरिपाचे पीक घरात येऊ लागलेले असते, पुष्कळांच्या हाती बोनस पडलेला असतो, रस्ते कोरडे असतात, आणि पाय अर्धा नंबर वाढलेला असतो. थैली, ऋतू आणि पाय या तिघांचा मुहूर्त तेथे जुळतो. महाराष्ट्र शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचे ठरविले, आणि दर मुलामागे १७० रुपये धरले. निर्णय स्तुत्य आहे. मात्र तो निघाला जुलै २०२३ मध्ये, आणि शाळा उघडल्या होत्या जूनमध्ये. मधल्या दिवसांत मुले अनवाणी आलीच असतील.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी रोजनिशीतले ते कारण आपल्या हजेरीपटावर कोणी लिहीत नाही. पण पहिल्या दिवशी बूट नाहीत म्हणून एखादे मूल रांगेबाहेर उभे केले गेले, तर ते कारण न लिहिताही तेथे असते. बुटांचा मुहूर्त पालकांनी अवश्य साधावा. परंतु ज्याचा तो साधला नाही, त्या मुलाला शाळेने आधी आत घ्यावे. बूट मागून येतील.